गहू सोडला, तरी खाज का जात नाही? सोलापूरच्या घरात ‘डीएच’ सांभाळताना

मागच्या महिन्यात बार्शीच्या एका ताईंचा फोन आला. “दीड महिना झाला, गव्हाचा कण तोंडात घातला नाही. पोट हलकं झालं, थकवा कमी झाला. पण कोपरं, गुडघे अन् बैठकीची जागा रात्रभर खाजते. माझं पथ्य चुकतंय का?” त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

या आजाराचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. दवाखान्यात सगळे ‘डीएच’ म्हणतात. माझं निदान होऊन आठ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांचं काम. पण घर, गिरणी, लग्नाची पंगत आणि रात्रीची खाज या गोष्टी दवाखान्याच्या पाच मिनिटांत मावत नाहीत, म्हणून हा लेख.

बार्शीच्या ताईंना पहिलं उत्तर हेच दिलं की पथ्य चुकलेलं असेलच असं नाही. पोट लवकर निवळतं, कातडी फार वेळ घेते.

कातडीला इतका वेळ का लागतो

ग्लूटेन हे गहू आणि जवात असणारं प्रथिन. आपल्यासारख्या माणसांच्या आतड्यात ते गेलं की शरीर ‘आयजीए’ जातीची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. त्यातली काही रक्तातून येऊन कातडीच्या वरच्या थराच्या बरोबर खाली साचून बसतात. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, दाह होतो आणि बारीक, पाण्याने भरलेले, भयंकर खाजणारे फोड उठतात. म्हणजे दिसतं कातडीवर, पण मूळ आतड्यात.

आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी हौद किंवा टाकी असते. नळ बंद झाला म्हणून हौद त्याच दिवशी कोरडा पडत नाही. गहू सोडला की नवी प्रतिपिंडं बनणं कमी होतं, पण कातडीत साचलेली हळूहळूच ओसरतात. नुसत्या पथ्यावर पुरळ पूर्ण आटोक्यात यायला बहुतेकांना सहा महिने ते दोन वर्षं लागतात, आणि कातडीतला साठा तर त्यानंतरही कित्येक वर्षं सापडू शकतो. म्हणून दीड महिन्यात निराश होऊ नका, आणि दोन वर्षांनी बरं वाटलं म्हणून एक पोळी खाऊन बघू नका. साठा असतोच, ठिणगी पडली की पुन्हा पेटतं.

पहिलं काम: निदान कागदावर आहे का, ते बघा

हे काम बरेच जण टाळतात. कुणीतरी सांगितलं ‘गहू सोड’, सोडला, थोडं बरं वाटलं, आणि तपासणी राहूनच गेली. त्यात दोन अडचणी आहेत. एक, गहू सोडल्यावर काही महिन्यांत रक्ताची ‘टीटीजी-आयजीए’ तपासणी नॉर्मल येऊ लागते, मग आजार होता की नाही हेच कळत नाही. दुसरं, जन्मभराचं पथ्य नुसत्या अंदाजावर निभत नाही. पहिल्या लग्नसराईतच निश्चय ढासळतो.

पक्कं निदान कातडीच्या तुकड्यावरून होतं. त्याला डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तुकडा फोडावरचा नाही, फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा घ्यावा लागतो. फोडावर सगळी नासधूस झालेली असते, तिथे आयजीए नीट दिसत नाही. तो तुकडा नेहमीच्या फॉर्मालिनच्या बाटलीतही चालत नाही, त्यासाठी वेगळा द्राव लागतो. माझा पहिला तुकडा एका खासगी ठिकाणी फोडावरूनच काढला गेला आणि ‘साधा एक्झिमा’ असा रिपोर्ट आला. त्यात माझं एक वर्ष गेलं. म्हणून तुकडा काढण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा, “हा इम्युनोफ्लुरोसन्ससाठीच जाणार ना? शेजारच्या कातडीचा घेणार ना?” हे विचारण्यात कुठलाही आगाऊपणा नाही.

खासगी खर्च झेपत नसेल तर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोग विभागाच्या ओपीडीतून सुरुवात करा. जुने सगळे रिपोर्ट आणि पुरळ जोरात असतानाचे फोटो सोबत न्या. डीएचचं पुरळ डॉक्टरांच्या तारखेची वाट बघत नाही. तुम्ही पोहोचता त्या दिवशी नुसते ओरखडे आणि खपल्या उरलेल्या असतात, कारण फोड उठताक्षणी आपण खाजवून फोडतो. मोबाइलमधला फोटो तिथे खरा उपयोगी पडतो.

आधीच गहू सोडून काही महिने झाले असतील तरी आशा सोडू नका. रक्ताची तपासणी हुकली तरी कातडीतला आयजीए बराच काळ टिकतो, त्यामुळे तुकड्यावरून निदान होऊ शकतं. तपासणीसाठी स्वतःच्या मनाने पुन्हा गहू खायला मात्र लागू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच.

आणि हा आजार काय नाही, तेही सांगते. नावात ‘हर्पेटिफॉर्मिस’ आहे म्हणून आमच्या गल्लीत त्याला नागीण ठरवलं गेलं आणि कावेचा लेपही झाला. नागीण विषाणूने होते, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि खाजेपेक्षा आग जास्त होते. डीएच दोन्ही बाजूंना जोडीने येतो: दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कुल्ले, पाठ, खांदे, मानेवर केसांची कड. नावाचा अर्थ एवढाच की फोड नागिणीसारखे पुंजक्यात असतात. १८८४ साली फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंग या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, पण आतड्याशी आणि गव्हाशी त्याचं नातं उलगडायला १९६०चं दशक उजाडलं. हा आजार संसर्गजन्य नाही. तुमचा टॉवेल वापरून, तुमच्याजवळ झोपून कुणाला होत नाही. घरातल्यांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या धाकट्या जावेने वर्षभर बाळ माझ्या मांडीवर दिलं नाही.

गोळीबद्दल, कारण हिच्यावरून सगळ्यात जास्त फोन येतात

पथ्याचा गुण येईपर्यंतची खाज सोसायला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. डॅप्सोन नावाची गोळी आहे. ती लागू पडली की दोन-तीन दिवसांत खाज उतरते. चार वर्षांनंतर पहिल्यांदा मी रात्री सलग झोपले तो दिवस मला अजून आठवतो.

पण ही गोळी फक्त कातडीवरचा दाह थांबवते. आतड्यावर तिचा काहीही परिणाम नाही. गोळी चालू आहे म्हणून गहू खाल्ला तर कातडी गप्प राहील आणि आतडं आतून खराब होत राहील. पथ्य हाच उपचार. गोळी मधल्या काळासाठी.

सुरू करण्याआधी ‘जी-६-पीडी’ ही रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. हे विकर (एन्झाइम) ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोनने धोकादायक वेगाने फुटतात. विकर व्यवस्थित असलं तरी हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग हळूहळू अंतर वाढवत रक्ताच्या तपासण्या असतात. लिव्हरच्याही असतात. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. ‘बरं वाटतंय, कशाला पुन्हा सुई’ म्हणून तपासणी चुकवू नका. ओठ किंवा नखं निळसर दिसणं, धाप लागणं, लघवी काळपट होणं, डोळे पिवळे होणं, ताप येऊन घसा दुखणं, किंवा तापासोबत अंगभर नवंच पुरळ येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तरी सांगा.

मधुमेह असेल तर आणखी एक. डॅप्सोन चालू असताना तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीए१सी तपासणी खऱ्यापेक्षा कमी दाखवते. आकडा छान आला म्हणून साखरेची गोळी कमी करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना डॅप्सोनबद्दल आवर्जून सांगा.

आता मनाला लागणारी गोष्ट. डॅप्सोन हे कुष्ठरोगाच्या औषधोपचारातलं जुनं औषध आहे. मेडिकलवाला चिठ्ठी बघून दबक्या आवाजात विचारतो, शेजारीण डबीवरचं नाव वाचते. माझ्या शाळेत कुजबुज झाली. मी मुख्याध्यापकांसमोर निदानाचा कागद ठेवला आणि त्याच वेळी हेही बोलले की कुष्ठरोग असता तरी तो औषधाने बरा होणारा आजार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्हाला असा प्रसंग आला तर घाबरून गोळी बंद करू नका. पथ्य नीट बसलेलं नसताना गोळी अचानक थांबवली की दोन-चार दिवसांत पुरळ परत फिरून येतं. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोडी थोडी. मला पूर्ण थांबवायला एकोणीस महिने लागले.

स्वयंपाकघर: सोलापूर आपल्या बाजूने आहे

इथे मला मनापासून आनंद वाटतो. दिल्ली-पंजाबकडच्या माणसाला गहू सोडणं म्हणजे जेवणच सोडल्यासारखं वाटत असेल. आपल्याकडे आजीच्या काळापर्यंत रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरीच होती. पोळी सणाला. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असताना परदेशी पद्धतीचा महागडा ग्लूटेन-फ्री ब्रेड शोधायची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, वरी, साबुदाणा, शिंगाडा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, भाज्या, दूध, अंडी, मटण, मासे यांत ग्लूटेन नाही. नाश्त्याला पोहे, चुरमुऱ्यांचं सुशीला, धिरडं, इडली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढं डब्यात असलं की मी कुठेही जाऊ शकते.

मग घोळ कुठे होतो? ज्वारीत गहू मिसळतो तिथे.

रब्बीची ज्वारी आणि गहू आपल्याकडे थोड्याफार अंतराने निघतात. तेच मळणी यंत्र, तीच ताडपत्री, तीच पोती. म्हणून मार्केट यार्डातून आणा की ओळखीच्या शेतकऱ्याकडून, ज्वारी ताटात पसरून निवडाच. माझ्या एका पोत्यात मूठभर गहू निघाला होता.

त्यानंतर गिरणी. ज्याला आपण ‘गव्हावर ज्वारी दळली’ म्हणतो, ते आपल्यासाठी विषच. माझ्या गिरणीवाल्या अण्णांना मी सुरुवातीला आजाराचं नाव सांगून बघितलं, काही कळलं नाही. मग म्हटलं, “अण्णा, उपवासाचं दळण जसं दळता तसं माझं रोजचं दळायचं.” लगेच समजलं. उपवासाच्या पिठाला चक्की झटकायची, हे प्रत्येक गिरणीवाल्याला माहीत असतं. तरी हवेत उडणारं पीठ राहतंच. म्हणून ज्वारीची चक्की वेगळी असलेली गिरणी शोधा, सकाळी गव्हाचं दळण सुरू होण्याआधी जा, आधी किलोभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढायला सांगा. हेही पक्कं नाही, पण बरंच बरं. शक्य झालं तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. माझं पुरळ खऱ्या अर्थाने कमी व्हायला लागलं ते घरघंटी आल्यावर.

घरात चाळणी, पोळपाट-लाटणं, परात आणि पिठाचा डबा स्वतःचा वेगळा करा. चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. तवा वेगळा नसेल तर घासून आधी भाकऱ्या, मग घरच्यांच्या पोळ्या. तळणाचं तेल पुरी-शंकरपाळ्याचं वापरू नका. कणीक मळल्याने हातावर फोड येत नाहीत, ग्लूटेन अखंड कातडीतून आत शिरत नाही, पण उडालेलं पीठ नाकातोंडात जातं. आमच्याकडे हे कणीक मळायला शिकले. आधी गोळा दगडासारखा व्हायचा, आता माझ्यापेक्षा मऊ पोळ्या होतात.

लपलेला गहू

हिंगापासून सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त त्यानेच फसवलं. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधलेला असतो, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. वरण, भाजी, लोणचं, पापड, सगळीकडे तोच. मी सात महिने काटेकोर पथ्य करून दर आठवड्याला नवे फोड मोजत होते, आणि रोज दोन्ही वेळेला फोडणीत हिंग घालत होते. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. नाहीतर हिंग सोडा, लसूण आहेच.

मेतकुटात गहू असतो. येसरात बऱ्याच घरी गहू भाजून घालतात, त्यामुळे दुसऱ्याकडची येसर आमटी नको. थालीपिठाच्या भाजणीत गहू. धपाट्यात ज्वारीबरोबर मूठभर कणीक घालायची अनेकींना सवय असते. सातूचं पीठ नको, त्यात गहू किंवा जव असतो. कुरडई म्हणजे गव्हाचा चीकच. शेवया, रवा, दलिया, मैदा हे तर उघडच आहे, पण ‘रवा म्हणजे गहूच का?’ असं विचारणारे मला सुशिक्षित घरांतही भेटलेत. नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांतही बहुधा मैदाच जास्त असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून गाड्यावरचं चायनीज बंद. बिअर जवाची.

आणि खपली. सोलापूर-सांगलीकडे खपली गव्हाचं फार कौतुक. ‘जुना गहू आहे, पचायला हलका, साखरेला चांगला, तुला चालेल’ असं मला किमान दहा जणांनी सांगितलं असेल. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, आपल्याला तो अजिबात चालत नाही. खपलीची हुग्गी डोळ्यांसमोर असली तरीही नाही.

पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं असेल तर भारतातल्या नियमाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. ‘गहू नाही’ किंवा ‘मल्टिग्रेन’ या शब्दांना तो अर्थ नाही. पाकिटाच्या मागे ॲलर्जीच्या ओळीत ‘गहू असू शकतो’ असं छापलेलं असेल तर ते परत ठेवा.

आयोडीन

हे पथ्य बऱ्याच नव्या लोकांना माहीतच नसतं. आयोडीनमुळे डीएच होत नाही, पण कातडीत साठा असताना जास्त आयोडीन मिळालं की पुरळ भडकू शकतं. तुमच्या पथ्यात सगळं नीट असूनही पुरळ हलत नसेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा. समुद्री मासे, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, पोटॅशियम आयोडाइड असलेली खोकल्याची औषधं, जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीनचं मलम, सीटी स्कॅनच्या वेळी देतात ते आयोडीनयुक्त औषध, ही नेहमीची ठिकाणं. मासे खायचेच असतील तर आपल्याकडे उजनीचे गोड्या पाण्यातले मिळतात, त्यांत आयोडीन कमी.

मिठाचा प्रश्न नाजूक आहे. काही डॉक्टर काही महिने आयोडीनयुक्त मिठाऐवजी सैंधव वापरायला सांगतात. पण हे मनाने करू नका, आणि कायमचं तर मुळीच नाही. आयोडीन थायरॉइडला लागतं, आणि डीएचच्या रुग्णांत थायरॉइडचे आजार आधीच जास्त आढळतात. गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात सगळ्यांचं मीठ बदलणं तर धोक्याचं. तुमच्यापुरती छोटी बरणी वेगळी ठेवा.

दुखण्याच्या काही गोळ्यांनीही पुरळ वाढतं, इंडोमेथॅसिनचं नाव त्यात प्रामुख्याने येतं. दुखण्याची गोळी घेण्याआधी विचारा.

रात्रीची खाज आणि एप्रिल-मे

चाळीसच्या पुढे पारा गेला की घामाने सगळंच खाजतं, तिथे फोड असतील तर जीव नकोसा होतो. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत. मऊ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून दहा मिनिटं ठेवायचं. बर्फ थेट नाही. नखं दर तीन दिवसांनी कापायची. अंघोळ कोमट पाण्याने, घासणी न वापरता, आणि अंग ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. सोलापुरी टॉवेल अंगाला घासायचा नाही, टिपायचा. सुती पातळ परकर, सैल नाडी, कारण कमरेच्या घट्ट नाडीखाली हमखास फोड येतात. कोपरं टेकून लिहायची सवय मला सोडावी लागली. खाजेची अँटी-हिस्टॅमिन गोळी डीएचच्या खाजेवर फारशी चालत नाही, झोप लागायला थोडी मदत करते इतकंच.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं असेल तर सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटल्यावर हातात येणाऱ्या मिश्र ट्यूबा घेऊ नका. त्यात बहुतेकदा जोरदार स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते वरून दबून आतून पसरतं.

फोड गेल्यावर काळपट डाग राहतात. तो आजार नव्हे, खूण आहे, काही महिन्यांत फिकी होते. लिंबू, चुना, टूथपेस्ट काही चोळू नका.

पंगत, प्रसाद आणि ‘एवढ्याने काय होतंय’

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरोघरी शेंगापोळी, नागपंचमीला दिंड, होळीला पुरणपोळी. जवळची माणसं मायेनेच म्हणतात, “एवढ्याने काय होतंय?” वाद घालू नका, दंडावरची जुनी खूण दाखवा. मी प्रसादाचा शिरा दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि शेजारच्या मुलाला देते. पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे मात्र खाते. सासूबाईंनी पुरण वाटीत द्यायला सुरुवात केली, वर तूप. आता नातवंडांनाही तेच हवं असतं.

लग्नात मांडववाल्यांकडून साधा भात, दही आणि फळं, बाकी डबा घरचा. हॉटेलात इडली चांगली, पण पिठात रवा आहे का आणि सांबारात कुठला हिंग आहे ते विचारा. रवा डोसा ज्या तव्यावर होतो त्याच तव्यावरचा साधा डोसा मी खात नाही. एकादशी आपल्याला सगळ्यात सोपी: भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं. फक्त राजगिऱ्याचं सुटं पीठ कुठल्या चक्कीवर दळलंय ते बघून घ्या.

वर्षभरानेही पुरळ येत असेल तर

मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम देते. आधी रोजच्या वहीची मागची दोन आठवड्यांची पानं. खाल्लं की तासाभरात उठतं असं नसतं, कारण काही दिवस मागे सापडतं. नवा मसाला, नवी डबी, गिरणी बंद म्हणून दुसरीकडचं दळण, बाहेरचं जेवण, नवं औषध. मग डॅप्सोनची मात्रा नुकतीच कमी केली का ते. मग आयोडीन. तिथेही काही सापडलं नाही तर हे पुरळ डीएचचंच आहे का, हा प्रश्न. डीएच असलेल्या माणसाला खरूज होऊ शकते, गजकर्ण होऊ शकतं, घामोळ्या तर होतातच. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर खरजेचा विचार करा. गोल कडा आणि जांघेत पसरणं, तर गजकर्णाचा. पू, लाली, ताप असेल तर खाजवलेल्या जागी जंतुसंसर्ग झालाय, त्याच दिवशी दाखवा.

टीटीजीची तपासणी सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करतात. आकडा उतरत नसेल तर गहू कुठूनतरी जातोय, मग वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची. त्याच सुमारास लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घ्या. पोटाचा काहीच त्रास नसलेल्या डीएचच्या रुग्णांतही आतड्याला इजा सापडते, त्यामुळे ‘मला तर जुलाब नाहीत’ म्हणून या तपासण्या सोडू नका. आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी एकदा करा, त्यांनी गहू सोडण्याच्या आधी. माझ्या थोरल्या बहिणीला कातडीवर काहीच नव्हतं, फक्त वर्षानुवर्षं न भरून येणारा ॲनिमिया होता. तिची तपासणी पॉझिटिव्ह आली. आता घरघंटीवर दोघींची ज्वारी एकत्रच दळते.